आधी डोंगराची नोंदवही, मग फेलोशिपचा अर्ज

शहादा

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एम.एस्सी.च्या निकालाचा आनंद आहेच, पण त्याहून जास्त आनंद तुझ्या प्रश्नाचा झाला. डोंगरावरची झाडं आणि बदलतं हवामान यावर संशोधन करायचं आहे, तर हिमालयात जाऊ की युरोपात, असं तू विचारलंस. दादाची पीएच.डी. संपत आली आहे, त्यालाही पुढचं विचारायचं आहे. दोघांनाही उत्तर देतो. त्याआधी रानपिंगळ्याची हकिगत सांगतो, कारण माझा बाकीचा सल्ला तिच्यातूनच निघतो.

हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर कुणाला दिसलाच नव्हता. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे मिळून सात नमुने होते. त्यांतले काही जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात गोळा केलेले. एका नमुन्याच्या चिठ्ठीवर मात्र १९१४ साल आणि गुजरातेतलं मांडवी असं लिहिलेलं होतं, आणि खाली रिचर्ड माइनर्ट्झहागन या नामांकित पक्षितज्ज्ञाचं नाव. पुढे पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा कळलं की तो डेव्हिडसनच्याच संग्रहातला, चोरून पुन्हा नव्याने भरलेला, आणि चिठ्ठी खोटी. त्यांनी ते ठिकाण बाजूला ठेवलं, खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना व त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा सापडला तो आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला. एका खोट्या चिठ्ठीने कितीतरी शोध भलतीकडे नेला, आणि खऱ्या चिठ्ठ्यांनी एकशे तेरा वर्षांनंतर पक्षी दाखवला.

डोंगरावरचं संशोधन या चिठ्ठ्यांवरच चालतं: कुठे, किती उंचीवर, कोणत्या तारखेला, काय होतं. स्वित्झर्लंडमध्ये पित्स लिनार्ड नावाचं ३४१० मीटर उंचीचं शिखर आहे. १८३५ मध्ये ओस्वाल्ड हेअर हा निसर्गशास्त्रज्ञ तिथे चढला आणि माथ्यावर फुलझाडाची एकच जात दिसली असं त्याने लिहून ठेवलं. लोक पुनःपुन्हा त्याच माथ्यावर गेले, आणि २०११ मध्ये तिथे सोळा जाती होत्या. हेअरला तापमानवाढ वगैरे काही ठाऊक नव्हतं. त्याने जागा आणि उंची नीट लिहिली म्हणून आज वनस्पती वर सरकताहेत हे आपण ठामपणे म्हणू शकतो. म्हणून कुठलीही जागा निवडताना, आपल्या देशातली असो की परदेशातली, मी एकच प्रश्न आधी विचारेन: हा गट त्याच उतारावर पुन्हा जातो का? जुन्या नोंदी जपतो का? विद्यापीठाचं नाव, शहर, विद्यावेतन हे सगळं त्यानंतर.

आता हिमालयाचं. तिथे अवश्य जा. हिंदुकुश-हिमालयावर २०१९ मध्ये आलेला मोठा अहवाल सांगतो की जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या पर्वतरांगांतला एक तृतीयांश हिमनद्यांचा बर्फ शतकाअखेर नाहीसा होईल. काम प्रचंड आहे आणि माणसं कमी. पण तू सातपुड्याला कमी लेखू नकोस. शहाद्याहून तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर. सातपायरी घाट चढून वर पोहोचेपर्यंत आपण जवळजवळ हजार मीटर वर चढलेले असतो. हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे एका अंशाला सुमारे दीडशे मीटर. हवामान एक अंशाने तापलं तर झाडाला आपली जुनी हवा मिळवायला दीडशे मीटर वर जावं लागेल. तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर, आणि अस्तंभ्याचं शिखर १३२५ मीटरच्या आसपास. त्याच्या वर काहीच नाही. हिमालयातल्या झाडाला वर सरकायला निदान जागा उरते, आपल्या माथ्यावरच्या झाडाला ती नाही. हा प्रश्न जागतिक दर्जाचा आहे आणि तो तुझ्या घरापासून एसटीच्या अंतरावर आहे.

त्यामुळे अर्ज भरण्याआधीच काम सुरू कर. उंच पर्वतांच्या माथ्यांसाठी ग्लोरिया नावाचं एक जागतिक जाळं आहे, व्हिएन्नातून चालतं. एका प्रदेशातले वेगवेगळ्या उंचीचे चार माथे घ्यायचे, प्रत्येकावर चारही दिशांना एक मीटर बाय एक मीटरचे कायमचे चौकोन आखायचे, जमिनीत तापमापक पुरायचे, आणि काही वर्षांनी पुन्हा यायचं. त्यांची कार्यपुस्तिका फुकट मिळते, ती मन लावून वाच. जशीच्या तशी इथे वापरता येणार नाही. ती वृक्षरेषेच्या, म्हणजे ज्या उंचीपुढे झाडं वाढत नाहीत तिच्या, वरच्या गवताळ माथ्यांसाठी आहे आणि आपल्याकडे माथ्यापर्यंत जंगल आहे, तेव्हा झाडांसाठी चौकोन मोठे लागतील. हा फरक स्वतः विचार करून सोडवलास तर मुलाखतीत सांगायला तुझ्याकडे तुझं स्वतःचं काहीतरी असेल. तेवढं जमेपर्यंत पायथा, घाटाचा मध्य आणि माथा अशा तीन उंचींवर मोहाची काही झाडं ठरव, आणि पानगळ, फूल, नवी पालवी यांच्या तारखा दर आठवड्याला लिही. सीझनवॉच या उपक्रमात अशाच नोंदी देशभरातून होतात, तिथेही टाक. आणि गवतं ओळखायला शीक. संगणकावर नकाशे करणारी मुलं पुष्कळ भेटतात, पण फुलोरा नसलेलं गवत हातात घेऊन नाव सांगणारी फार थोडी. आकडेवारीसाठी आर आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस ही सॉफ्टवेअर घरबसल्या येतील. गवत मात्र कुणाच्या तरी मागे उन्हात चालूनच येतं.

परीक्षांचं थोडक्यात सांगतो, कारण त्याची माहिती कुठेही मिळते. सीएसआयआर-यूजीसी नेट जीवशास्त्रातून दे. पर्यावरणशास्त्रातून द्यायची तर ती यूजीसीची वेगळी नेट. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,०००, आणि मार्गदर्शक निवडण्याचं स्वातंत्र्य, जे पैशाहून मोठं आहे. जेआरएफ हुकली तरी २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी.च्या प्रवेशाचं दार उघडं राहतं. तुझ्या पावरा आणि भिल मैत्रिणींना सांग, आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे आणि परदेशासाठी वेगळी शिष्यवृत्तीही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही पीएच.डी. फेलोशिप आपापल्या गटांसाठी असतात. माहिती वेळेवर पोहोचत नाही म्हणून आपल्या भागातली कितीतरी मुलं मागे राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. तू ती पोहोचव.

संस्था म्हणशील तर अल्मोड्याजवळ कोसी-कटारमलला गोविंद वल्लभ पंत राष्ट्रीय हिमालयीन पर्यावरण संस्था आहे, १९८८ पासून. तिची केंद्रं सिक्कीम, कुल्लू, श्रीनगर-गढवाल, इटानगर आणि लेहमध्ये आहेत. राष्ट्रीय हिमालयीन अध्ययन मिशनचं कामही तिच्यामार्फत चालतं, आणि त्यातल्या प्रकल्पांवर संशोधन सहायकांच्या जागा निघतात. थेट पीएच.डी.ला उडी मारण्यापेक्षा एक वर्ष अशा प्रकल्पावर काम कर, असं माझं स्पष्ट मत आहे. थंडी, चढण, एकटेपणा आणि मार्गदर्शकाचा स्वभाव, चारही गोष्टी तेवढ्यात कळतात. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूची एट्री ही पर्यावरण संशोधन संस्था आणि भारतीय विज्ञान संस्थेतलं पारिस्थितिकी केंद्र हीही नावं वहीत लिही. आणि जळगावच्या आपल्या विद्यापीठात पर्यावरण व भूविज्ञान शिकवणारी प्रशाळा आहे, तिथून सातपुड्यावरच काम करायचं ठरवलंस तर ते दुय्यम समजू नकोस.

युरोपात पीएच.डी. बहुधा नोकरीसारखी असते: जाहिरात निघते, पगार मिळतो. अमेरिकेत विभाग शुल्क माफ करतो आणि शिकवण्याच्या बदल्यात विद्यावेतन देतो. म्हणून कर्ज काढून दुसरी मास्टर्स करायला परदेशी जाऊ नकोस, आई-वडिलांची केळीची बाग त्यासाठी गहाण पडू नये. इन्सब्रुक, बर्न, बोल्झानो, कोलोरॅडोतलं बोल्डर इथे डोंगरांवर काम करणारे जुने गट आहेत. प्राध्यापकाला पत्र लिहिताना पाच-सहा वाक्यांपुढे जाऊ नकोस. त्यांचा कोणता शोधनिबंध वाचला, त्यातून कोणता प्रश्न पडला, आणि सातपुड्यात तू काय मोजते आहेस, बस. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवलेला त्यांना पहिल्या ओळीत कळतो.

दादाला सांग, प्रबंध सादर व्हायची वाट पाहू नको. देशातच राहायचं तर राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानची, म्हणजे एएनआरएफची, दोन वर्षांची पोस्टडॉक्टरल, म्हणजे पीएच.डी.नंतरची, फेलोशिप आहे. तिला वयाची अट असते, ती आधी पाहायला सांग. जर्मनीच्या हंबोल्ट फेलोशिपला वर्षभरात केव्हाही अर्ज करता येतो, पण यजमान प्राध्यापकाचं लेखी मान्यतापत्र लागतं. युरोपीय संघाच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी फेलोशिपची मुदत बहुतेक सप्टेंबरात संपते, पीएच.डी. होऊन आठ वर्षांपर्यंत अर्ज चालतो, आणि यजमान देशात मागच्या तीन वर्षांत एकूण बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. स्विस सरकारच्या शिष्यवृत्त्या दूतावासामार्फत, ऑगस्टच्या सुमारास जाहीर होतात. या सगळ्यांत यजमानाशी चर्चा करून प्रस्ताव बांधायलाच चार-सहा महिने जातात, म्हणून आजपासून. आणि नवी जागा मिळाली म्हणून पीएच.डी.चे चौकोन वाऱ्यावर सोडायचे नाहीत. त्यांचे अक्षांश-रेखांश, फोटो आणि मूळ नोंदी कुठेतरी खुल्या भांडारात ठेवूनच त्याने विमानात बसावं.

राहिलं परवानग्यांचं. यावल किंवा अनेर अभयारण्यात काम करायचं तर वनविभागाची लेखी परवानगी लागते, तिला वेळ लागतो. नमुने देशाबाहेर न्यायचे असतील तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. आणि कागद हातात असले तरी गावात आधी ग्रामसभेला सांग. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर नंदुरबारच्या कितीतरी गावांकडे जंगलाचे सामूहिक हक्क आहेत, तू त्यांच्या जंगलात मोजमाप करणार आहेस. अक्राणी तालुक्यातली म्हातारी माणसं कोणत्या साली मोह उशिरा फुलला, कोणता झरा कधी आटला हे सांगतात. त्यांचं नाव, गाव आणि त्यांनी दिलेली माहिती त्यांच्या संमतीने प्रबंधात मानाने यायला हवी. काम झालं की निष्कर्ष पावरी आणि भिली बोलणाऱ्या लोकांसमोर त्यांच्या भाषेत मांड. कुणाची तरी मदत लागेल, ती घे.

मोहाच्या नोंदींचा पहिला महिना झाला की वहीच्या पानांचे फोटो पाठव. उंची कशाने मोजलीस तेही लिही, मोबाइलची उंची कधीकधी बरीच चुकते. दादाने प्रस्तावाचं एक पान पाठवलं तर त्याच आठवड्यात वाचून परत करतो. घरी सर्वांना नमस्कार.

तुझे,
सर