किती वेळा सोडायचं याला? घरातल्या भुरट्या चोराचं काय करायचं

समुपदेशनाला येणाऱ्या घरच्यांचा हा एक ठरलेला प्रश्न आहे. पोरगा दरोडेखोर नाही, कोणाच्या अंगावर जात नाही, पण हात काही थांबत नाही, आज कोणाची कोंबडी, उद्या कोणाच्या गाडीतलं पेट्रोल, परवा कोणाच्या विहिरीवरची केबल, सापडतो, मार खातो, पाया पडतो आणि काही महिन्यांनी परत तेच. मग विचारतात, जेलात जाऊ द्यायचं का, गावातून काढायचं का, की लग्न लावून द्यायचं. (लग्नाचा सल्ला देणारे प्रत्येक गावात असतातच, येणाऱ्या पोरीचा विचार कोणी करत नाही.)

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचा मोठा भाऊ असाच आला होता, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. कोरडवाहू शेती, कापूस आन् तूर, आईबाप नाहीत, पंचविशीतला धाकटा भाऊ सोबत. म्हणे, "मॅडम, मी आता थकलो जी. पैसे मीच भरतो, माफी मीच मागतो, आन् हा पुन्हा थेच करते. त्याले काही बिमारी-गिमारी तर नाही न?"

हे बिमारीचं बरेच जण विचारतात. चोरीचा मानसिक आजार असतो, पण तो फार कमी लोकांत दिसतो, आणि त्यात माणूस आपल्याला नको असलेली, विकायचीही नसलेली वस्तू उचलतो, उचलायच्या आधी जीव कासावीस होतो आणि उचलल्यावर मोकळं वाटतं. इथं धाकटा पक्कड घेऊन जात होता, केबल जाळून तांबं काढत होता आणि भंगारवाल्याला विकत होता. हा आजार नाही, हा हिशोब आहे. दारू मात्र होती, ती वेगळी गोष्ट आणि तिच्यावर वेगळा इलाज.

शेवटची चोरी ज्यांच्याकडे झाली त्या काकाजींना मी मुद्दाम भेटले, कारण अशा केसमध्ये सगळे चोराबद्दल बोलतात आणि ज्याचं गेलं त्याला कोणी विचारत नाही. भंगारात त्या तांब्याचे आले असतील काहीशे रुपये. काकाजींना नवी केबल घ्यावी लागली, त्यातही पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत फुलावर आलेल्या हरभऱ्याचं पाणी चुकलं, घाट्यात दाणा भरला नाही. छोटी चोरी म्हणणाऱ्याने एकदा ते वावर पाहावं. काकाजींना वाटत होतं की चार जणांनी धरून हातपाय मोडावे. मी म्हटलं, राग बरोबर आहे काकाजी, पण हात उचलला की केस तुमच्यावर होते आणि तो बिचारा ठरतो.

गावाचं दुसरं म्हणणं, पोलीस काही करत नाहीत. त्यात थोडं कायद्याचं आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम 303 मध्ये चोरीला 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण माल 5000 रुपयांच्या आतला असेल, पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि माल किंवा किंमत परत केली तर कोर्ट समाजसेवेची शिक्षा देतं. आणि 5000 च्या आतली चोरी आता अदखलपात्र आहे, म्हणजे ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहितात, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास नाही की अटक नाही. लोकांना वाटतं साहेबानं पैसे खाल्ले.

पण खरी गंमत इथं आहे, गावाच्या लेखी हा अट्टल चोर आणि सरकारी कागदावर शून्य! एकही शिक्षा नाही, एकही एनसी नाही, कारण दर वेळी मोठा भाऊ रात्रीतून पैसे नेऊन द्यायचा आणि गोष्ट मिटायची. धाकट्याला मिळायचा चार लोकांचा मार, भावाचा आठ दिवस अबोला आणि मग सगळं माफ, म्हणजे चोरीची किंमत दर वेळी दुसरंच कोणी भरत होतं.

आणखी एक सांगायलाच पाहिजे. केबल गेल्यावर पहिला संशय गावाबाहेरच्या पारध्यांच्या बेड्यावर (वस्तीवर) गेला, तिथली दोन पोरं दिवसभर ठाण्यात बसवून ठेवली. इंग्रजांनी 1871 मध्ये अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, तो 1952 मध्ये देशभर रद्द झाला, पण गावाच्या डोक्यातून कुठं गेला? चोर बाहेरचाच असणार हे धरून चालल्यामुळे घरचा चोर दर वेळी निवांत राहिला.

सरपंच म्हणे तडीपार करा. करतातही, महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली जास्तीत जास्त 2 वर्षं. पण जिथं ना भाऊ ना वावर ना ओळख अशा दुसऱ्या जिल्ह्यात हा खाणार काय? तिथल्या विहिरींवर पण केबली आहेतच.

मग आम्ही भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढून बसलो, मोठा भाऊ, वहिनी, धाकटा आणि मी, कुठली चोरी कधी झाली ते आठवून खुणा केल्या. वेचाईच्या दिवसांत जवळपास काहीच नाही, सोयाबीन काढणीत नाही. उलंगवाडी झाली, म्हणजे कापूस वेचून संपला, की सुरू, ते पार मिरगापर्यंत. वहिनी पटकन म्हणाली, "हाताले काम नाही आन् दिवसभर पाराजोळ बसते, मंग काय होईन?" शिव्या पोट्ट्याला सगळे देतात पण तांबं घेणारा कोण हे कोणी विचारत नव्हतं, चोरीचा माल माहीत असून घेणं हाही गुन्हाच, कलम 317, तिथंही 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. काकाजी आणि आणखी काही शेतकरी बाजाराच्या गावच्या भंगारवाल्याकडे एकत्र जाऊन आले आणि ठाण्यात लेखी देऊन आले. माझ्या मते त्या एका फेरीने जेवढा फरक पडला तेवढा माझ्या बोलण्याने पडला नाही.

बाकी ठरलं ते असं. काकाजींनी एनसी लिहायची, मोठ्या भावाने आडवं यायचं नाही, आणि भरपाई धाकट्यानेच द्यायची, स्वतःच्या मजुरीतून, दर बाजाराच्या दिवशी, काकाजींच्या हातात, दोन माणसांसमोर. मोठ्याला हेच सगळ्यात जड गेलं, "लोकं काय म्हणतीन जी, भाऊ असून..." म्हटलं, आतापर्यंत काय चांगलं म्हणत होते? उन्हाळ्यासाठी रोजगार हमीचा अर्ज आधीच देऊन पोच घ्यायची, काम नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचं नाही. दारूसाठी जिल्ह्याच्या दवाखान्यातला मानसोपचार विभाग. रोज पिणाऱ्याची दारू घरच्यांनी एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरला दाखवूनच (आणि रात्री-बेरात्री काही वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416, फुकट आहे).

सुधारला का? उन्हाळ्यात एकदा एका मोटरसायकलची बॅटरी उचलली त्याने. मोठा भाऊ सवयीने पैसे घेऊन निघालाच होता, वहिनीने दारात अडवलं. परत एनसी, परत हप्ता वाढला. केबलला मात्र त्यानंतर हात लागलेला नाही. पुढं कधी कोर्टात गेलंच तर 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीत सोडायची सोय आहे, वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जायचं, हे मी त्यांना लिहून दिलंय.

काकाजी दर बाजाराला हप्ता मोजून घेतात, वहीत सही करतात, पण धाकट्याशी एक शब्द बोलत नाहीत. मोठ्या भावाला वाटतं मी काकाजींना समजवावं. मी तसं काही करणार नाही.