पॅनेलवर १४.२, तरी बॅटरी फुगते कशी?

प्रश्न : घरी बांधलेल्या दोन आसनी विमानात रोटॅक्स ९१२ इंजिन आहे. पॅनेलवरचा व्होल्टमीटर कायम १४.२ दाखवतो, तरी वर्षभरात दुसरी एजीएम (बंद शिसे-आम्ल प्रकारची) बॅटरी फुगली. रेग्युलेटर (अल्टरनेटरचे व्होल्टेज आवरणारा भाग) नवा टाकला, फरक नाही. बॅटऱ्याच खराब निघताहेत का?
– एक वाचक, हिंगणा रोड, नागपूर

उत्तर : लागोपाठ दोन बॅटऱ्या मुळातच खराब निघणे अवघड. संशय घ्यायचा तर आधी त्या १४.२ वर घ्या. पॅनेलवरचा मीटर बहुधा मास्टर स्विचच्या पुढच्या बसबारला (उपकरणांना वीज वाटणारी पट्टी) जोडलेला असतो आणि रेग्युलेटरची 'सी' तारही (जिच्यावरून तो व्होल्टेज मोजतो) पुष्कळदा तिथूनच घेतात. बॅटरी ते बसबार या वाटेत सैल लग (तारेच्या टोकाची कडी), जळका स्विच किंवा कच्चा क्रिम्प (दाबून बसवलेला जोड) असला आणि ०.१ ओहम रोध आला, तर ७ अँपिअर भाराला ०.७ व्होल्ट तिथेच गळतात. 'सी'ला १४.२ मिळेपर्यंत रेग्युलेटर व्होल्टेज चढवत राहतो, म्हणजे बॅटरीवर १४.९ येतात. मीटरही त्याच जागेवरून वाचतो, म्हणून त्याला काहीच खटकत नाही. नवा रेग्युलेटरही हेच करणार.

खात्री करायला मल्टिमीटरच्या लांब तारा बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलना पक्क्या बांधून कॉकपिटमध्ये आणा. चाकांना ठोकळे लावा, शेपूट बांधा, प्रोपेलरच्या आसपास कोणी नको. इंजिन ४००० आरपीएमला नेऊन दिवे, रेडिओ, पंप सगळे चालू करा आणि दोन्ही मीटर शेजारी ठेवून वाचा. फरक ०.२ पेक्षा जास्त आला तर मीटरची एक तार बॅटरीच्या धन टर्मिनलवर ठेवून दुसरी फ्यूज, स्विच, बसबार अशी एकेक पुढे सरकवा. जिथे आकडा उडी मारतो तिथेच दोष. (इंजिन बंद ठेवून, फक्त भार चालू करून हे सावकाश करता येते, तेच बरे.) कूलरचा सैल प्लग जसा तपकिरी पडतो, तसा तो जोडही बहुधा रंगावरूनच ओळखू येईल. ऋण बाजू विसरू नका: रेग्युलेटरची बॉडी ते बॅटरीचे ऋण टर्मिनल, इंजिन चालू असताना, ०.१ व्होल्टच्या आत हवे. रंग किंवा ॲनोडाइझ केलेल्या पत्र्यावर नुसता बोल्ट आवळून अर्थिंग होत नाही. वेगळी तार टाका.

जोड दुरुस्त केल्यावर 'सी'ची वाटही बदला. मास्टर स्विचने एक छोटा रिले (विजेने चालणारा स्विच) ओढवा आणि त्याच्या संपर्कातून, २ अँपिअर फ्यूज लावून, 'सी'ला थेट बॅटरीचे व्होल्टेज द्या. थेट कायमची जोडली तर उभ्या विमानात बॅटरी हळूहळू उतरेल, म्हणून रिले. तो फ्यूज उडाला तर चार्जिंग बंद पडते. म्हणून तो हात पोचेल अशा जागी बसवा.

नागपूरच्या उन्हाळ्याचाही यात हात आहे. शिसे-आम्ल बॅटरीला २५ अंशांच्या वर दर अंशामागे साधारण ०.०२ व्होल्ट कमी लागतात. मे महिन्यात बाहेर ४५, काउलिंगमध्ये (इंजिनच्या झाकणात) ५५ धरले तर ०.६ व्होल्ट कमी हवेत. तिथे १४.२ सुद्धा जास्तच, १४.९ ने तर ती उकळणारच. बॅटरी फायरवॉलच्या (इंजिनमागची आगरोधक भिंत) थंड बाजूला हलवा. रेग्युलेटरही तिकडेच न्या. १५ अँपिअरला त्याच्या पोटात सुमारे ३० वॅट उष्णता होते आणि तो ८० अंशांपेक्षा जास्त तापलेला चालत नाही. फिन्स (उष्णता सोडणाऱ्या पट्ट्या) उभ्या ठेवा, २५ मिलिमीटरच्या नळीने बाहेरची हवा सोडा. रेग्युलेटरच्या आउटपुटवरचा २२,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेताना १०५ अंशांचाच घ्या. दर १० अंशांमागे त्याचे आयुष्य निम्मे होते.

प्रश्न : याच रेग्युलेटरवर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी चालेल का?

उत्तर : १४.२ व्होल्ट तिला चालतात. अडचण वेगळी: व्होल्टेज किंवा तापमान हद्दीबाहेर गेले की आतला बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारे सर्किट) बॅटरीची जोडणी तोडतो आणि रेग्युलेटरपुढे उरतो फक्त तो कपॅसिटर. तो सुकलेला असेल तर व्होल्टेज उसळून रेडिओ जाऊ शकतो. कायम चुंबकाच्या अल्टरनेटरला फील्ड (विजेने चुंबकत्व देणारी गुंडाळी) नसल्याने ती बंद करून भागत नाही. जादा व्होल्टेजचा रिले स्टेटरच्या (अल्टरनेटरच्या स्थिर गुंडाळीच्या) पिवळ्या तारेतच लावावा लागतो. उतरलेली बॅटरी उडून भरू नका, ती अल्टरनेटरचा सगळा प्रवाह ओढते. जमिनीवर लिथियमच्याच चार्जरने भरा.