सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांची फारकत

इंग्रजी लिहिताना ‘अफेक्ट’ की ‘इफेक्ट’, ‘स्टेशनरी’चे कोणते स्पेलिंग, ‘इट्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी द्यावी की नाही, असे प्रश्न वारंवार पडतात, म्हणून अशा शब्दांची एखादी संपूर्ण यादी पाठ करावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते करू नये. दोन सारखे शब्द शेजारी ठेवून घोकले की ते डोक्यात अधिकच गुंततात. त्यापेक्षा प्रत्येक जोडीत गोंधळ नेमका कशामुळे होतो, हे एकदा पाहून घ्यावे.

मराठीतल्या ‘शिर’ आणि ‘शीर’ या शब्दांप्रमाणे काही जोड्यांत फरक केवळ एका अक्षराचा असतो. मात्र इंग्रजीत त्यामागे बहुधा काही इतिहास असतो. ‘स्टेशनरी’चेच उदाहरण घ्या. मध्ययुगात बहुतेक विक्रेते फिरते असत, तर ग्रंथविक्रेत्यांची दुकाने एका जागी स्थिर असत, म्हणून त्यांना ‘स्टेशनर’ म्हणू लागले. ‘बेकर’वरून ‘बेकरी’ होते, तसेच ‘स्टेशनर’वरून लेखनसाहित्याची ‘स्टेशनरी’ झाली, आणि म्हणून तिच्या शेवटी ‘ईआरवाय’ येते. ‘स्थिर’ या अर्थाच्या विशेषणात मात्र ‘एआरवाय’ आहे. ‘कॉम्प्लिमेंट’चीही हीच गत आहे: पूरक गोष्ट आणि प्रशंसा हे दोन्ही अर्थ एकाच लॅटिन शब्दातून निघाले. पूरक अर्थाच्या शब्दात ‘कम्प्लीट’मधला ‘ई’ कायम राहिला, तर प्रशंसेच्या शब्दात ‘आय’ आला.

‘अफेक्ट’ साधारणतः क्रियापद आणि ‘इफेक्ट’ नाम, एवढे दैनंदिन लेखनाला पुरते. ‘इफेक्ट’ क्रियापद म्हणून येते तेव्हा त्याचा अर्थ ‘घडवून आणणे’ असा होतो.

‘इट्स’बाबत चुकणाऱ्यांनी लाज वाटून घेऊ नये, कारण सतराव्या-अठराव्या शतकांतले शिकलेसवरलेले लोकही ‘त्याचे’ या अर्थी अपॉस्ट्रॉफी देत असत. आजचा नियम मात्र सरळ आहे: ‘हिज’, ‘हर्स’, ‘देअर्स’ यांना ती लागत नाही, तशी याही स्वामित्वदर्शक रूपाला लागत नाही, ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ यांचा संक्षेप असेल तरच ती येते.

‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ यांच्यातल्या भेदाचा मात्र अकारण बाऊ केला जातो. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘फ्यूअर’ अधिक बरे, असे इंग्रजी भाषेच्या वापरावर लिहिणारे रॉबर्ट बेकर यांनी 1770 मध्ये केवळ आपली पसंती म्हणून लिहिले होते. पुढे त्या पसंतीचाच नियम झाला. औपचारिक लेखनात तो पाळावा, परंतु बोलणाऱ्याला त्यावरून मध्येच अडवणे मला उर्मटपणाचे वाटते.

खरी खबरदारी घ्यावी ती कानाने फसवलेल्या चुकांबाबत. ‘कुड हॅव’ झपाट्याने म्हटले की ‘हॅव’चा उच्चार ‘ऑव्ह’सारखा होतो, आणि मग लिहिणारा ‘कुड ऑव्ह’ लिहून मोकळा होतो. दोन्ही शब्द सुटे पाहिले तर अचूक असल्यामुळे स्पेलिंग तपासणाऱ्या साधनाला ही चूक अनेकदा दिसतच नाही. म्हणून अशा ठिकाणी संक्षेप पूर्ण सोडवून ते वाक्य सावकाश मोठ्याने वाचावे.