नवी आवृत्ती काढताना जुन्या पीएचपीवरच्या लोकांसाठी थांबावं, की सरळ ८.२ सक्तीचं करावं?

तुमच्या ओपन सोर्स वेब सॉफ्टवेअरचे बरेच वापरकर्ते अजून पीएचपी (साइट चालवणारी भाषा) ७.४ वर आहेत आणि नव्या आवृत्तीत ८.२ सक्तीचं करू का, असं तुम्ही विचारलंय. करा. ७.४ ला सुरक्षा दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलं. पण कसं करू, हे तुम्ही विचारलंच नाही, आणि माझे हात पोळलेत ते तिथंच.

मी लातूरचा. मोंढ्यातले भाव साइटवर दाखवणारं वर्डप्रेसचं (साइट बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) एक छोटं प्लगिन, म्हणजे त्याला लावायचा जोड, सांभाळतो. आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण दर, एवढंच. चाळीस-पन्नास साइटवर चालतं, त्यातल्या बहुतेक आडत दुकानांच्या. पैसे कुणी देत नाही, फोन मात्र सगळे करतात.

२०२१ ची गोष्ट. ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं आणि सप्टेंबरात धडाधड उतरायला लागलं. घरात जुन्या मालाची चार पोती पडलेला माणूससुद्धा तासातासाला भाव बघत होता. त्यातच महालक्ष्म्या आल्या. सणाला पुण्याचा मावसभाऊ आला होता. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, मोठ्या कंपनीत. माझा कोड बघून म्हणाला, "हे असं कुणी लिहितं का रे आता?" आई आणि मावशी सोळा भाज्या निवडत होत्या, आणि त्यांच्याच शेजारी बसून यानं माझ्या कोडवर फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीटनेटकी करणारं साधन, चालवला. एकेचाळीस फाइली बदलल्या. मी वरवर चाळलं. मोकळ्या जागा, ओळी, कंस, बाकी काही नाही. माझ्या लॅपटॉपवर ८.० होतं, तिथं सगळं सुरळीत चाललं. आवृत्ती २.३.४ ची २.३.५ केली (तिसरा आकडा म्हणजे किरकोळ दुरुस्ती), लोकांसाठी सोडली आणि पुरण वाटायला बसलो.

महालक्ष्म्यांच्या जेवणादिवशी मोंढा बंद, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका शेठचा फोन. "अरे बाबा, भाव दिसंना गेलेत. इंग्रजीत नुसती एक ओळ येऊलालीय."

त्यांच्या सर्व्हरवर ७.२ होतं. फंक्शनला हाक मारताना कंसातल्या शेवटच्या गोष्टीनंतरही स्वल्पविराम देण्याची मुभा पीएचपीत ७.३ पासून आहे. फॉरमॅटरनं असे स्वल्पविराम जागोजागी पेरले होते. ७.२ ला स्वल्पविरामानंतर काहीतरी यायला हवं असतं, तिथं कंस मिटलेला दिसला की ते अख्खी फाइलच नाकारतं. अनपेक्षित कंस, ओळ अमुक, आणि साइट आडवी. नुसतं भावाचं पान नव्हे, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा गेला.

यात माझी चूक मोठी होती. प्लगिनच्या हेडरमध्ये, म्हणजे मुख्य फाइलीच्या डोक्यावरच्या माहितीत, किमान पीएचपी किती हवं ते लिहायची सोय असते. माझ्याकडे तिथं वर्षानुवर्षं ५.६ पडलेलं. तिथं ७.३ असतं तर वर्डप्रेसनं ही आवृत्ती त्या सर्व्हरवर चढवलीच नसती. मी खोटं लिहून ठेवलेलं, त्यानं विश्वासानं ऑटो-अपडेट केलं. बरं, साइट कोसळली की वर्डप्रेस त्याच्या ५.२ आवृत्तीपासून मालकाला मेल पाठवतं, दुरुस्तीची लिंकही देतं. तो मेल गेला साइट बनवून देणाऱ्या पोराला, आणि ते पोरगं दोन वर्षांपूर्वीच हैदराबादला गेलेलं.

सर्व्हरवरच्या फाइलींपर्यंत पोचायचा, एफटीपीचा, पासवर्ड शेठच्या उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर होता. फोनवर एकेक अक्षर विचारून घेतलं.

"शेठ, हे शून्य आहे का ओ?"

"गोल आहे."

"हो, पण आकडा का अक्षर?"

"आता गोल ते गोल, त्यात काय?"

तिसऱ्या खेपेला आत शिरलो, प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदललं, साइट उभी राहिली. मग २.३.६ काढली. तोवर अकरा साइट पडल्या होत्या.

मावसभावाचं म्हणणं अजूनही एकच: "सर्व्हर जुना ठेवला ही त्यांची चूक. तुम्ही लोक अशांना सांभाळत बसता म्हणून ते बदलत नाहीत." हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पीएचपी ५ आलं २००४ ला. होस्टिंगवाले म्हणत, सॉफ्टवेअर ४ वर चालतंय तर बदलू कशाला. सॉफ्टवेअरवाले म्हणत, होस्टिंग ४ वर आहे तर सोडू कसं. तीन वर्षं हेच. शेवटी २००७ मध्ये ड्रुपल, पीएचपीमायअ‍ॅडमिन यांच्यासारख्या बऱ्याच प्रकल्पांनी मिळून जाहीर केलं की ५ फेब्रुवारी २००८ नंतरच्या आमच्या नव्या आवृत्त्यांना पीएचपी ५.२ लागेल. गोपीएचपी५ असं त्या मोहिमेचं नाव. म्हणजे रेटा द्यावा लागतो, हे मावसभावाचं खरं. पण त्यांनी तारीख कित्येक महिने आधी सांगितली होती. महालक्ष्म्यांच्या रात्री, तिसऱ्या आकड्यात, स्वल्पविरामातून नव्हे.

वर्डप्रेसचंच बघा. किमान पीएचपीच्या अटीत २०११ पासून ५.२.४ वर बसून होतं, २०१९ ला ५.६.२० वर आलं, २०२३ ला ७.० आणि २०२४ ला ७.२.२४. त्याच २०२४ च्या वर्डप्रेस ६.६ मध्ये त्यांनी ऑटो-अपडेटनं साइट पडली तर प्लगिन आपोआप जुन्यावर परत नेण्याची सोयही दिली. मला तीन वर्षं उशिरा मिळाली.

तेव्हा ८.२ सक्तीचं कराल तर तुमच्या आवृत्तीचा पहिला आकडा बदला, म्हणजे बदल मोठा आहे हे कळेल. हेडरमध्ये खरं लिहा. आवृत्ती तपासणारा कोड वेगळ्या फाइलीत, जुन्या पद्धतीनं लिहून ठेवा, कारण पीएचपी आधी अख्खी फाइल वाचतं आणि मगच पहिली ओळ चालवतं. त्याच फाइलीत नवं काही असेल तर तुमची तपासणी चालायच्या आतच सगळं कोसळतं. आणि जो किमान आकडा लिहिलाय त्यावर स्वतः एकदा चालवून बघा, फक्त लॅपटॉपवरच्यावर नको.

एक राहिलं. आकडा जुना दिसला म्हणून सर्व्हर असुरक्षितच असेल असं धरू नका. सेंटओएस ७ (सर्व्हरवर चालणारी एक लिनक्स) वर पीएचपी ५.४ यायचं, तरी जून २०२४ पर्यंत त्यात सुरक्षा दुरुस्त्या मागून जोडून मिळायच्या. शिवाय तुमचे वापरकर्ते दहाच असतील आणि सगळे ओळखीचे असतील, तर हे एवढं काही करू नका, फोन लावा.

शेठनी त्या दिवाळीत सर्व्हर बदलला. होस्टिंगवाल्यानं ७.४ दिलं.

आणि दादा, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. मर्ज, म्हणजे बदल मूळ कोडात घेणं, मी केलं, मान्य. पण कमिटवर (बदलाच्या नोंदीवर) नाव तुझं आहे, आणि संदेशात तू लिहिलंयस, "किरकोळ साफसफाई".