गॅरेजच्या दारातून : सोळा क्लिकचा हिशेब

प्रश्न : माझी २०१६ ची स्विफ्ट आहे. तीन महिन्यांपूर्वी तिला १६ क्लिकचे (नॉब फिरवून सोळा पायऱ्यांत हार्ड-सॉफ्ट होणारे) ॲडजस्टेबल शॉकअप आणि कंपनीच्यापेक्षा कडक स्प्रिंग असा जपानी सेट बसवला. बसवणाऱ्याने चारही नॉब फुल हार्डला पिळून ठेवले आणि ‘आता बघा कशी रस्त्याला चिकटते’ म्हणाला. महिन्यातून एकदा आम्ही दोघं कराडहून चिपळूणला जातो. कुंभार्ली घाटात रस्ता खराब असलेल्या वळणावर गाडीची मागची बाजू टुणकन उडी मारून बाहेर सरकते. ओळीने खड्डे आले की पहिले दोन निभावतात, तिसऱ्या-चौथ्याला खालून धाडकन आवाज येतो. बायकोने पुढच्या वेळी एसटीने येईन असं बजावलंय. एक मित्र म्हणतो स्प्रिंग काढून टाक, दुसरा म्हणतो पाचवर ठेव. नक्की किती क्लिक ठेवू?
— एक वाचक, कराड

उत्तर : वहिनींना सांगा, एसटीचं तिकीट इतक्यात काढू नका.

पाचवर ठेव म्हणणाऱ्या मित्राला आधी विचारा, पाच कुठून? हार्डकडून पाच आणि सॉफ्टकडून पाच या दोन वेगळ्या गाड्या आहेत. हे मी फुशारकीने सांगत नाही, आमच्याच गॅरेजात शेकलंय. एका गिऱ्हाइकाच्या गाडीला पुढचे दोन्ही शॉकअप चार क्लिकला लावायचे होते. डावा मी लावला, हार्डकडून मोजून. उजवा पोराने लावला, सॉफ्टकडून मोजून. दोघांच्या तोंडी ‘चार’. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत : खड्ड्यावर ब्रेक मारला की गाडी एका खांद्यावर झुकते. अर्धा दिवस आम्ही अलाइनमेंट बघितली, टायर इकडचे तिकडे केले, ब्रेक उघडले. संध्याकाळी चहा पिताना पोराने सहज विचारलं, ‘मामा, झिरो कुठलं धरायचं?’ तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे : नॉब घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने थांबेपर्यंत बंद करायचा, ते शून्य. तिथून उलटं फिरवत मोजायचं. बहुतेक सेटच्या पुस्तिकेतही अशीच मोजणी असते, पण काही कंपन्या उलटं मोजतात, तेव्हा तुमच्या सेटचं पुस्तक एकदा उघडून बघा. आणि एका ॲक्सलच्या दोन्ही बाजू कायम सारख्या.

आता तुमची गाडी का उडते ते बघू. गाडीचं वजन स्प्रिंग तोलते. शॉकअप वजन तोलत नाही, तो स्प्रिंगच्या हालचालीला लगाम घालतो. बँकेच्या काचेच्या दाराला वर तेलाचा क्लोजर असतो, तो डोळ्यांपुढे आणा. दार ओढून बंद करते आतली स्प्रिंग. ते धाडकन आपटू नये म्हणून तेल बारीक भोकातून जातं. त्यावरचा स्क्रू पिळला की भोक लहान होतं आणि दार हळू बंद होतं. जास्तच पिळला तर? दार निम्म्यावर असतानाच पुढचा माणूस ढकलतो, मग त्याच्या मागचा. दार बंद म्हणून कधी होतच नाही.

तुमच्या चारही शॉकअपचं हेच झालंय. चाक खड्ड्याच्या कडेवर वर दाबलं गेलं, आता त्याने परत खाली यायला हवं. या परतीला आम्ही रिबाउंड म्हणतो. नॉब एकच असला की बहुधा दाब आणि परत दोन्ही एकदम बदलतात, पण जाणवतो तो फरक मुख्यतः परतीचा. फुल हार्डला चाक खाली यायला इतका वेळ लावतं की तोवर दुसरा खड्डा हजर. प्रत्येक खड्ड्यागणिक गाडी थोडी थोडी खाली बसत जाते, चौथ्याला चाल (चाकाची वर-खाली व्हायची जागा) संपते आणि गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आपटते. तो तुमचा ‘धाडकन’. गंमत बघा, जास्त हार्ड केल्यामुळेच गाडी तळाला लागतेय, आणि लोक तळाला लागली म्हणून आणखी हार्ड करतात!

मागची बाजू उडते त्याला आणखी एक कारण आहे. इंजिन पुढे, तुम्ही दोघं पुढे, मागचं सीट रिकामं. स्विफ्टची मागची बाजू तशीच हलकी. एवढ्या वजनाला फुल हार्ड शॉकअप म्हणजे घोड्याचा लगाम शेळीला. चाक खळग्यात उतरायला तयार नसतं, टायर क्षणभर अधांतरी राहतो, आणि अधांतरी टायर वळणात काय धरणार?

स्प्रिंग काढू नका. तुमच्या पत्रात स्प्रिंगचा आकडा नाही, म्हणून उदाहरण घेतो : मूळची ३ किलो प्रति मिलिमीटर (म्हणजे एक मिलिमीटर दाबायला तीन किलो) होती आणि नवी ४.५ आहे असं धरा. स्प्रिंग दीडपट झाली. पण तिला पूर्वीइतकाच लगाम घालायला शॉकअपचा जोर दीडपट लागत नाही, वर्गमुळाच्या हिशेबाने जेमतेम २२ टक्के जास्त लागतो. सोळा क्लिकचं शेवटचं टोक त्यासाठी ठेवलेलं नसतं. ते ट्रॅकसाठी आणि याहून कडक स्प्रिंगसाठी असतं.

तर रविवारी सकाळी हे करा. टायर गार असताना दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरा. हवा चुकीची असेल तर पुढचं सगळं वाया. घराजवळचा चार-पाच किलोमीटरचा असा फेरा निवडा, ज्यात एक गतिरोधक, एक खडबडीत तुकडा आणि एक ओळखीचं वळण असेल. प्रत्येक वेळी तोच फेरा, तोच वेग. माझा फेरा गेली कित्येक वर्षं एकच आहे, त्यातल्या रेल्वे फाटकाचे रूळ मला नावानिशी ओळखतात. पहिली दहा मिनिटं नुसती चालवा, कारण शॉकअपमधलं तेल गरम झालं की पातळ होतं आणि गाडीचा स्वभाव बदलतो.

सुरुवात फुल सॉफ्टपासून करा, म्हणजे सोळा क्लिक उघडून. गाडी होडीसारखी डुलेल. डुलू दे, ती डुलणी ओळखायलाच हा फेरा आहे. मग दोन-दोन क्लिक बंद करत या. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा वर येऊन तिथल्या तिथे बसली, दुसरा हेलकावा आला नाही, की पुढचे नॉब तिथेच ठेवा. मागच्या बाजूला मात्र खडबडीत तुकड्यावर लक्ष ठेवा. शेपूट टिपरीसारखी वाजायला लागली की दोन क्लिक मागे या. प्रत्येक फेऱ्याला फक्त पुढचं किंवा फक्त मागचं बदला आणि वहीत लिहा. डोक्यात ठेवतो म्हणणारे सगळे माझ्याकडे परत येतात.

माझा अंदाज : पुढे शून्यापासून नऊ-दहा, मागे बारा-तेरा क्लिक उघडे. दिवाळीला चौघं आणि डिकीभर सामान घेऊन निघाल तेव्हा मागचे दोन-तीन क्लिक बंद करा, आणि परतल्यावर आठवणीने उघडा. काही सेटमध्ये मागचा नॉब डिकीतलं आवरण काढल्यावर वरून मिळतो, काहींत गाडीखाली वाकावं लागतं. तुमचा खाली असेल तर हे काम सामान भरायच्या आधी करा.

एक जुनी युक्ती. पुढच्या शॉकअपच्या दांड्यावरचं रबरी बूट वर सरकवून दांड्याला पातळ झिपटाय बांधा आणि खाली सरकवून ठेवा. ती सैल नको आणि आवळूनही नको. घाट उतरून आलात की ती जिथे ढकलली गेली असेल, तिथवर चाल वापरली गेली. रोज बंप स्टॉपला टेकत असेल तर मला पुन्हा लिहा, मग उंचीचं बोलू. बंप स्टॉप कापून चाल वाढवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला नमस्कार करा आणि निघा. दांडा उलटा बसवलेला सेट असेल तर हा झिपटायचा उद्योग नको.

बोनेट हाताने दाबून बघणं हल्ली फार चालतं. त्याने शॉकअप मेलाय की जिवंत एवढंच कळतं. हाताच्या दाबाचा वेग आणि खड्ड्याचा वेग यात जमीन-अस्मान आहे.

जाता जाता, तुम्ही कधी सिमेंटच्या महामार्गावरून जाल. अशा रस्त्याला साधारण दर साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. ताशी ९० च्या वेगाला सेकंदाला साडेपाच ठोके बसतात. ही टकटक नॉबने पूर्ण जात नाही. दोन क्लिक उघडून बघा, कमी होईल तेवढी झाली. बाकीची टायरच्या कडक बाजूची आणि सांध्यांतल्या रबरी बुशांची आहे, त्यासाठी शॉकअपला शिव्या देऊ नका.

प्रश्न : कॉइलओव्हरवरची (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या सेटची) स्प्रिंगखालची रिंग वर फिरवली तर गाडी हार्ड होते का? इथले दोघं दोन बाजूंनी भांडतायत.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : भांडण मिटवा. साध्या, सारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा रिंग फिरवून बदलत नाही. ५ किलो प्रति मिलिमीटरची स्प्रिंग ५ चीच राहते. ज्या सेटमध्ये उंची रिंगवरच ठरते, तिथे गाडी वर उचलली जाते आणि चाकाला खाली उतरायला जागा कमी उरते. त्यामुळे खळग्यात हिसका बसतो आणि माणसाला वाटतं गाडी हार्ड झाली. खालचं ब्रॅकेट फिरवून उंची ठरणारा सेट असेल तर स्प्रिंगच्या रिंगला उगाच हात लावू नका. आणि उंची बदलली की अलाइनमेंट करा, नाहीतर टायरची एक कड लवकर गुळगुळीत होईल.

प्रश्न : मागच्या एका शॉकअपचा नॉब कुठेही फिरवला तरी काही फरक पडत नाही. नळीवर तेलकट धूळ बसलेली दिसते. किती क्लिकवर चालेल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कुठल्याच नाही. बहुधा सील गेलंय, तेल बाहेर आलं. पुसून घ्या, दोन दिवस चालवा, पुन्हा ओलं झालं तर तो काढा. रिबिल्ड होणारा सेट असेल तर दोन्ही मागचे एकदम उघडायला सांगा, एक नवा आणि एक थकलेला ही जोडी चालत नाही. तोवर दुसऱ्या बाजूचा नॉब पिळून तोल साधायचा प्रयत्न करू नका. आणि नॉब चिखलाने अडकून फिरत नसेल तेव्हाही पक्कड लावू नका. पाण्याने धुवा, गंज सोडवायचा स्प्रे मारा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी बोटांनीच फिरवून बघा.