बी.ए. झाल्यावर आयटीआय करावे का?

यवतमाळ जिल्ह्यातील एका कोरडवाहू शेतकऱ्याचा तेवीस वर्षांचा मुलगा वडिलांसोबत समुपदेशनासाठी आला होता. बी.ए. झाल्यापासून तो पोलीस भरतीची तयारी करत होता. आयटीआयचा विषय मी काढताच तो म्हणाला, “आता लहान्या पोट्ट्यांसंगं बसू का सर?” वडिलांना वेगळीच चिंता होती. पदवीला लागलेला पैसा वाया गेला असे भावकी म्हणेल आणि सोयरीक जमवताना तेच आडवे येईल, असे त्यांना वाटत होते.

हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. आयटीआय प्रवेशाला किमान वय चौदा असून कमाल वयाची अट नाही. मात्र दहावीच्या पात्रतेवरील ट्रेडसाठी, म्हणजे तिथल्या व्यवसाय अभ्यासक्रमांसाठी, गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते, तेथे पदवीचे गुण उपयोगी पडत नाहीत. ‘काका, पदवी रद्द होत नाही, ती पदवीधरांच्या परीक्षांसाठी कामी येतेच,’ असे मी वडिलांना समजावले. पण महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदासाठी वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) किंवा तारतंत्री (वायरमन) ट्रेडचे प्रमाणपत्र लागते आणि तेथे नुसती बी.ए. चालत नाही, हे ऐकून दोघेही गप्प झाले.

मुलाला विहिरीवरच्या मोटारी खोलून पाहण्याची आवड होती. तरीही मी लगेच ट्रेड सुचवला नाही. ज्या कामाचे शिक्षण घ्यायचे ते काम आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे. मी त्याला वणीकडच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, आणि जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणाऱ्या एका रिवाइंडिंगच्या दुकानात चौकशी करायला पाठवले. दोन्हीकडे त्याची पदवी कोणी विचारली नाही. पॅनेलवर काम केले आहे का आणि वायरमनचा परवाना आहे का, एवढेच विचारले. कापसाचा हंगाम सरला की जिनिंगमध्ये हाताला काम कमी होते, हेही त्याला तेथेच कळले आणि ते कळणे मला अधिक महत्त्वाचे वाटले.

वेल्डर ट्रेड एका वर्षाचा, तर वीजतंत्री दोन वर्षांचा. लवकर कमाई सुरू व्हावी म्हणून वडिलांचा कल वेल्डरकडे होता, परंतु मुलाने वीजतंत्री निवडला आणि मला तो निर्णय योग्य वाटला. केवळ प्रमाणपत्रावर मात्र थांबू नये. 1961 च्या शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) कायद्यानुसार तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात आणि त्यांना विद्यावेतन द्यावे लागते. म्हणून दुसऱ्या वर्षातच शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नोंदणी करण्यास मी त्याला सांगितले.

पोलीस भरती सोड, असे मी म्हटले नाही. पहाटेचे धावणे त्याने चालू ठेवले आहे, मात्र आयटीआयच्या हजेरीची अट कडक असल्याने दिवसभराची अभ्यासिका सुटली. वडील अजूनही “सरकारी लागंल ना?” असे विचारतात. त्याची हमी मी देत नाही.