एरिक्सनने शेवटची तारीख दिलेली नाही

(यावल तालुक्यातल्या एका शिक्षक वडिलांचं पत्र. मुलगी अकरावी सायन्सला, दहावीला ८९ टक्के. 'नीट की इंजिनिअरिंग?' विचारलं की 'अजून माहीत नाही' म्हणते. वडील लिहितात, मानसशास्त्रज्ञ पियाजेनुसार तिला बाराव्या वर्षापासूनच अमूर्त विचार जमायला हवा होता. दुसरे मानसशास्त्रज्ञ एरिक्सन, त्यांच्यानुसार अठरापर्यंत ओळख, म्हणजे आपण कोण आणि काय व्हायचं हे, पक्की व्हायला हवी. एकच वर्ष उरलंय, कोणती कलचाचणी द्यावी?)

सर,

पत्रासोबतचा तक्ता पाहिला. वय, अवस्था, 'अपेक्षित', 'साध्य' असे रकाने आणि शेवटच्या दोन ओळींपुढे लाल पेनाने फुली. तिच्या टक्क्यांची मला काळजी नाही. ती फुली तिच्या नजरेस पडली असेल का, याची आहे. 'माहीत नाही' हे प्रामाणिक उत्तर होतं. तुम्ही ते नापासात टाकलंत.

टीईटीसाठी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेसाठी, सगळेच पियाजेच्या चार आणि एरिक्सनच्या आठ वाढीच्या अवस्था वयासकट पाठ करतात. पेपरपुरतं ते ठीक. पण हे लसीकरणाचं कार्ड नव्हे, तारीख हुकली की डोस चुकला म्हणायला. पियाजेनेच १९७२ साली लिहिलं, की अमूर्त विचारापर्यंत मुलं वेगवेगळ्या वयात पोचतात आणि तो ज्याच्या त्याच्या आवडीच्या, कामाच्या क्षेत्रात दिसतो.

आता तुमचीच तक्रार पुन्हा वाचा. 'रावेरला मामाकडे गेली की पुस्तक सोडून केळीच्या हिशेबात बसते. माल आज कापावा की चार दिवस थांबावं, यावर मोठ्यांशी वाद घालते.' थांबलो आणि भाव चढला तर? झाडावरच पिकायला लागला तर? व्यापाऱ्याची गाडीच आली नाही तर? अहो सर, समोर नसलेल्या शक्यता मांडून त्या पडताळणं म्हणजेच तो अमूर्त विचार! तुम्ही तो फक्त केमिस्ट्रीच्या पेपरात शोधताय. व्हिगॉट्स्की या तिसऱ्या मानसशास्त्रज्ञाला तर तुमच्या तक्त्यात जागाच नाही. जाणत्या माणसासोबत मूल आज जे करतं ते उद्या एकट्याने करेल, असं तो सांगतो. त्याच्या हिशेबाने मामाकडचे दिवस वाया गेलेले नाहीत.

एरिक्सनबद्दल जरा स्पष्टच बोलतो. किशोरवयात ओळखीचा प्रश्न ऐरणीवर येतो, असं त्याचं म्हणणं. अठरावा वाढदिवस ही मुदत नाही. उलट शोधायला मोकळा काळ मिळावा, असंही तो म्हणतो. हा गृहस्थ स्वतः शाळा संपल्यावर चित्रं काढत युरोपात भटकला, पंचविशीत व्हिएन्नात शिकवायला लागला, विद्यापीठाची पदवी न घेताच पुढे हार्वर्डला प्राध्यापक झाला. तुमच्या तक्त्यात त्याच्याही नावापुढे फुलीच आली असती. त्याचं काम पुढे नेणाऱ्या जेम्स मार्सियाने १९६६ साली एक गट वेगळा काढला: ज्यांचं सगळं ठरलेलं असतं, पण स्वतः काही न शोधता, बहुतेकदा आईवडिलांचंच उचललेलं. अशी मुलं घरात फार शहाणी ठरतात. तुम्ही पोरीला त्याच गटात ढकलताय.

म्हणून कलचाचणीचं नाव मी देणार नाही. आत्ता दिली तर ती तुमचा रकाना भरायलाच होईल. नीट आणि सीईटीचे अर्ज बारावीत येतील. बीएस्सी कृषीलाही सीईटीतूनच जाता येतं, हे तिच्या कानावर घाला आणि गप्प बसा. दिवाळीत तिला रावेरला जाऊ द्या. तिकडे फोन केलात तर केळीचा भाव विचारा, अभ्यासाचं काढू नका.